मोठ्या मुलांचं रात्री अंथरूण ओलं होत असेल तर डायपर, पँट आणि गादीचं आवरण कसं निवडावं

चौदा वर्षांच्या मुलासाठी डायपर घ्यायला आलेले आईवडील मेडिकलच्या काउंटरवर बहुतेक वेळा आजोबांचं नाव पुढे करतात. "सासऱ्यांना हवाय, मोठाच द्या." दुकानदार मोठा देतो आणि त्याच रात्री तो मांडीच्या फटीतून गळतो, कारण पोराची कंबर अठ्ठावीस इंच असते आणि डायपर चाळीस इंचांच्या माणसाचा. मग घरात ठरतं की "डायपरचा काही उपयोग नाही." मी फार्मासिस्ट आहे, आणि ही गोष्ट इतक्यांदा पाहिली आहे की सगळ्यात आधी तेच सांगते: मेडिकलवाल्याला खरं वय, खरी कंबर सांगा. आम्हाला यात नवल वाटत नाही.

नवल वाटण्यासारखं काही नाहीच. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के, दहाव्या वर्षी सुमारे ५ टक्के आणि पंधराव्या वर्षानंतरही १ ते २ टक्के मुलामुलींना रात्री नकळत लघवी होते. पाचशे मुलांच्या कॉलेजात अशी पाच-दहा जणं असतात. फक्त कोणी कोणाला सांगत नाही. हे घराण्यातही चालतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्के. त्यामुळे "एवढा घोडा झालास तरी" असं म्हणण्याआधी आजीला एकदा बाबांबद्दल विचारून बघा.

कारणं शरीरातली आहेत. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काहींमध्ये पुरेसं सुटत नाही, काहींच्या मूत्राशयात रात्री कमी मावतं, आणि भरल्याचा इशारा मिळूनही झोप मोडत नाही. यात आळस कुठेच नाही. म्हणून डायपर दिला तर "सवय लागेल, मग कधीच सुटणार नाही" ही भीतीही मला पटत नाही. मोठं मूल झोपेत असताना होणारी ही गोष्ट आहे. डायपर आहे म्हणून ते आरामात लघवी करतंय असं नसतं. ओल्या गादीत उठून थंडीत कपडे बदलणं, आणि मग पहाटेपर्यंत जागं राहणं, याने कोणाचं मूत्राशय सुधारलेलं नाही.

पहिली पायरी: डॉक्टर

डायपर हे संरक्षण आहे, उपचार नाही. दोन्ही एकत्र चालू शकतात आणि चालावेत. मूल कधीच सलग कोरडं राहिलेलं नसेल तर घाई नाही, पण बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. बहुतेक वेळा लघवीची साधी तपासणी आणि नीट विचारपूस एवढ्यानेच सुरुवात होते.

काही लक्षणं असतील तर मात्र दिवस घालवू नका. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं असलेलं मूल पुन्हा ओलं होऊ लागलं. खूप तहान लागते आणि वजन उतरतंय (हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी साखर तपासून घ्या). लघवीला जळजळ किंवा ताप. दिवसाही चड्डी ओली होते. मोठ्याने घोरतं आणि मध्येच श्वास अडकतो. पायांत अशक्तपणा आला आहे किंवा चाल बदलली आहे. बद्धकोष्ठताही विचारात घ्या. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब आणतं, आणि पोट नियमित साफ होऊ लागल्यावर काही मुलांच्या रात्री आपोआप सुधारतात. मोठी मुलं शौचाबद्दल घरात काहीच बोलत नाहीत, त्यामुळे हे मुद्दाम विचारावं लागतं.

उपचारांत मुख्य दोन गोष्टी. एक, ओल लागताच वाजणारा अलार्म. त्याला दोन-तीन महिने चिकाटी लागते. दुसरी, डेस्मोप्रेसिनची गोळी, जी रात्रीची लघवी कमी करते. ही गोळी फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायची, आणि घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजकं. गोळी घेऊन तांब्याभर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. शेजारच्यांच्या मुलाची उरलेली पट्टी मागून आणायचं हे औषध नाही.

दुसरी पायरी: किती होतं ते मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर चार ब्रँड बदलत बसतात. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. नवा कोरडा डायपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वजन करा, आणि सकाळी वापरलेला त्याच पिशवीत घालून पुन्हा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. कोरडा ९० ग्रॅम आणि सकाळी ५१० भरला, तर रात्रीत ४२० मिली झाली. चार-पाच रात्री लिहून ठेवा. हे काम मुलाने किंवा मुलीने स्वतः केलं तर सगळ्यात चांगलं. वजन आणि वजाबाकी त्यांना येते, आणि आपल्या ओल्या वस्तू दुसऱ्याने हाताळाव्यात असं या वयात कोणालाच वाटत नाही.

हा आकडा डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. बारा वर्षांपर्यंत मूत्राशयाची अपेक्षित क्षमता (वय + १) × ३० मिली धरतात, म्हणजे बाराव्या वर्षी ३९० मिली. डायपरमधल्या लघवीत सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मोजून मिळवली की रात्रभराची एकूण बेरीज मिळते. ती या क्षमतेपेक्षा बरीच जास्त येत असेल तर शरीर रात्रीच जास्त लघवी तयार करतंय, आणि उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

आकड्यासोबत दोन गोष्टी टिपा: मूल कोणत्या कुशीवर किंवा कसं झोपतं, आणि ओल कुठपर्यंत पोचते. पुढे गळती शोधताना हेच कामी येतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती या आकड्यांमागे लपलेली असते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. घरी आल्यावर तहान भागवतात, क्लासहून येऊन पुन्हा पितात, आणि सगळं पाणी रात्री बाहेर पडतं. यावर उपाय रात्री पाणी तोडणं हा नाही. दिवसा थोडं थोडं पाणी पोटात जायला हवं आणि शाळेत लघवीला जाता यायला हवं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि कोला टाळा. झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणं हे सांगायला नकोच.

तिसरी पायरी: काय काय मिळतं

आपल्याकडे किशोरवयीन मुलांसाठी खास बनवलेला माल साध्या मेडिकलमध्ये जवळपास मिळत नाही. अमेरिकेत गुडनाइट्स, ब्रिटनमध्ये ड्रायनाइट्स या नावाने मोठ्या मुलांच्या रात्रीच्या पँट्स सुपरमार्केटात उघड्यावर मांडलेल्या असतात. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न थोडा सोपा जातो, तरी अंगाने भरलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्यांचे मोठे मापही कमी पडतात. इथे आपल्याला बाळांचे सर्वांत मोठे माप आणि प्रौढांचे सर्वांत लहान माप यांच्या मधून वाट काढायची असते.

बाळांच्या पँट्सचा सर्वांत मोठा आकार बारीक अंगाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला चढतो, पण चढतो म्हणजे चालतो असं नाही. लहान मुलाच्या लघवीच्या हिशेबाने तो बनवलेला असतो. शिवाय त्यावर अस्वलं आणि ससे. बारा वर्षांच्या मुलाला ते घालायला देऊ नका.

प्रौढांच्या वस्तूंत दोन प्रकार महत्त्वाचे. पँट टाइप चड्डीसारखा वर ओढायचा. स्वतः घालता-काढता येतो, ट्रॅकपँटखाली दिसत नाही, आवाज कमी करतो. बहुतेक मुलांनी सुरुवात इथूनच करावी. टेप टाइपला दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असतात. तो सहसा जास्त शोषतो आणि कंबरेला हवा तसा घट्ट बसवता येतो, म्हणून बारीक कंबर आणि भरपूर लघवी अशा मुलांना तोच उपयोगी पडतो. मात्र काहींचा बाहेरचा थर प्लास्टिकचा असतो, तो सळसळतो आणि उकाड्यात घाम आणतो. कापडासारखा थर असलेला मागा. फ्रेंड्स, लिफ्री, डिग्निटी ही नावं बहुतेक शहरांत मिळतात. मी एकाची शिफारस करणार नाही, कारण माप आणि झोपण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

धुवून वापरायच्या शोषक चड्ड्या थोड्याशा गळतीसाठी ठीक. पूर्ण मूत्राशय रिकामं होत असेल तर त्या पुरत नाहीत. सॅनिटरी पॅड हा पर्याय अजिबात नाही. एकदम येणारी एवढी लघवी तो धरू शकत नाही. डायपरच्या आत जास्तीची भर म्हणून तर तो उलटं काम करतो, कारण त्याची मागची बाजू प्लास्टिकची असते आणि खालच्या डायपरपर्यंत काही पोचतच नाही. भर हवीच असेल तर मागे प्लास्टिक नसलेला, आरपार झिरपणारा बूस्टर पॅड घ्या. मुलींनी पाळीच्या दिवसांतही रात्री डायपरच्या आत वेगळा पॅड लावायची गरज नसते.

चौथी पायरी: माप

शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा आणि नितंबांचा सर्वांत रुंद भाग मोजा. दोन्हींतला मोठा आकडा पाकिटावरच्या मापाशी जुळवा. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एल एवढा असू शकतो, म्हणून अक्षर बघू नका, सेंटिमीटर किंवा इंच बघा. माप दोन आकारांच्या सीमेवर असेल तर आधी लहान घ्या. "मोठा घेतला की जास्त शोषेल" हा समज घरोघरी आहे. सैल डायपर शोषायच्या आधीच मांडीतून वाट करून देतो.

पाकिटावरचा शोषणक्षमतेचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. तो प्रयोगशाळेतला असतो. डायपर सपाट, कोणी त्यावर झोपलेलं नाही. अंगाचा दाब पडला आणि लघवी एकाच जागी वेगाने आली की प्रत्यक्षात बरंच कमी धरलं जातं. दोन ब्रँडची तुलना करायची असेल तर घरी करता येते. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, कारण साध्या पाण्यात आतली जेल पावडर लघवीपेक्षा खूप जास्त फुगते आणि फसवते. तुमच्या मुलाच्या रात्रीच्या आकड्याएवढं हे पाणी मोजून डायपरच्या एकाच जागी ओता. पाच मिनिटांनी वर जुनं वर्तमानपत्र ठेवून तळव्याने दाबा. कागद किती भिजतो ते बघा. मग दुसऱ्या ब्रँडवर हेच करा.

आणि पहिल्यांदाच मोठं पाकीट घेऊ नका. बरेच मेडिकलवाले सुटे दोन नग देतात, विचारा. डायपरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरी रोजचा खर्च मोठाच आहे. पाकिटाच्या किमतीला नगांनी भागून एका रात्रीचा खर्च काढा; स्वस्त दिसणारं पाकीट रात्रीतून दोनदा बदलावं लागत असेल तर ते महाग पडतं.

पाचवी पायरी: घालायचं कसं, आणि गळतं कुठून

मुलाला एकदा नीट समजावून सांगा, आणि मग बाथरूमची कडी त्याला लावू द्या.

टेप टाइप असेल तर तो आधी लांबीत दुमडून दोन्ही टोकांनी हलकेच ताणायचा, म्हणजे मधोमध पन्हळीसारखा खोलगट होतो. आतल्या बाजूला दोन्हीकडे पातळ झालरी असतात, त्या बोटाने उभ्या करायच्या. खालच्या पट्ट्या आधी, किंचित वरच्या दिशेने चिकटवायच्या. वरच्या नंतर, किंचित खाली. पँट टाइप वर ओढल्यावर एक बोट मांडीच्या कडेने पूर्ण फिरवायचं आणि आत मुडपलेली झालर बाहेर काढायची. एवढ्या एका सवयीने कितीतरी घरांतली गळती थांबते.

तरीही गळत असेल तर जागा बघा. नितंबाच्या बाजूने ओलं होत असेल तर मूल कुशीवर झोपतं आणि डायपर सैल आहे. पोटाकडून ओलं होत असेल तर पालथं झोपतं. शोषक भाग पुढे जास्त वर येतो असा डायपर किंवा पुढे बूस्टर हवा. पाठीकडून असेल तर उलट. मांडीच्या फटीतून असेल तर झालर. डायपर मागे पूर्ण कोरडा आणि पुढून मात्र गळला, म्हणजे क्षमता पुरेशी आहे, ओल पसरायला वेळ मिळत नाहीये. आणि बनियन डायपरच्या आत खोचलेला नाही ना, हे बघा. बनियनचं कापड वातीसारखं ओल वर ओढतं. सकाळी डायपर अर्धा कोरडा आणि बनियन छातीपर्यंत ओला सापडला की समजायचं.

अलार्म वापरत असाल तर सेन्सर लावलेली साधी चड्डी आत आणि पँट टाइप डायपर त्यावर. अलार्मही वाजतो, गादीही वाचते.

गादी

डायपर कितीही चांगला असला तरी गादीला वेगळं संरक्षण हवंच, आणि कोणी अंगावर काहीही घालायला तयार नसेल तर तेच एकमेव संरक्षण. तो त्यांचा निर्णय आहे, त्यावर जबरदस्ती करू नका.

कापसाची गादी एकदा भिजली की आतून वाळत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर बुरशी ठरलेली. बाळाची लालसर रबर शीट ओल अडवते, पण पाठ घामाने भिजते आणि ती चुरगळते. टेरी कापडाच्या खाली पातळ जलरोधक थर असलेलं, चारही कोपरे खोचता येणारं आवरण घ्या. पाकिटावर "वॉटरप्रूफ" असावं. "वॉटर रेझिस्टंट" चालत नाही. ते फॅब्रिक सॉफ्टनर घालून धुऊ नका, शोषण कमी होतं. इस्त्री तर नकोच.

अंथरूण दुहेरी घाला: आवरण, चादर, त्यावर दुसरं आवरण किंवा ड्राय शीट, त्यावर दुसरी चादर. रात्री ओलं झालं तर वरचा जोड काढून बाजूला टाकायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा झोपायचं, कोणाला न उठवता. जिथे सगळं घर एका खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपतं, तिथे हे जास्तच महत्त्वाचं. तिथे मुलाची गादी टोकाला, दाराच्या किंवा मोरीच्या बाजूला टाका. गोधडी पांघरायला राहू द्या, खाली अंथरू नका. ती पावसाळ्यात आठवडाभर वाळत नाही. एकदाच वापरायचे अंडरपॅड (अंगाखाली अंथरायचे शोषक पॅड) सहसा ६० × ९० सेंटिमीटरचे असतात आणि झोपेत सरकतात. प्रवासाला ठीक, रोजच्यासाठी नाही.

सकाळ

उठल्याबरोबर काढणे, पाण्याने धुणे, टिपून कोरडं करणे. आंघोळ नंतर होईल, पण हे आधी. टाल्कम पावडर नको. त्वचा लाल होत असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. जाड थर डायपरच्या वरच्या थरात बसतो आणि शोषण कमी करतो. कडेला बारीक पुळ्या असलेली, खाजणारी लाली बुरशीची असू शकते. इथे माझी कळकळीची विनंती आहे: काउंटरवरून खाजेची "तीन औषधं एकत्र" असलेली ट्यूब मागू नका. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि बुरशी पसरते. डॉक्टरांना दाखवा.

वापरलेला डायपर गुंडाळून त्याच्याच पट्टीने बंद करा, वर्तमानपत्रात बांधा, ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि संडासात तर कधीच नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या कचरावेचकांसाठी अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आहे. उघड्या हातांनी कचरा वेगळा करणाऱ्या बाईला तेवढ्याने कळतं की ही पुडी उघडायची नाही. तुमच्या गावात पद्धत नसेल तरी ठिपका काढा.

सहल, शिबिर, वसतिगृह

दहावीनंतर लातूरला किंवा पुण्याला शिकायला पाठवायचं आणि हा त्रास आहे, म्हणून कित्येक घरांत मुलीचं पुढचं शिक्षण गावातच उरकलं जातं. हे होऊ नये म्हणून तयारी आधीच, घरी करा. निदान महिनाभर मुलाला सगळं स्वतः हाताळू द्या: घालणं, बदलणं, टाकणं, चादर धुणं.

डायपर पाकिटातून काढून एकेक घट्ट गुंडाळून अपारदर्शक पाऊचमध्ये भरा. वापरलेल्यासाठी गडद रंगाच्या, गाठ मारता येणाऱ्या पिशव्या. रात्री गडद, सैल ट्रॅकपँट. झोपायच्या आधी दात घासायला जाताना बदललं की वेगळं कारण सांगावं लागत नाही. रेल्वेत खालचा बर्थ मागा. रेक्टर किंवा शिक्षकांपैकी एकाच विश्वासू माणसाला सांगावं, तेही मुलगा-मुलगी हो म्हणाली तरच. कोणाला सांगायचं हेही त्यांनीच ठरवावं. डॉक्टरांनी शिबिरासाठी डेस्मोप्रेसिन सुचवलं तर ते आधी घरी वापरून बघा, शिबिराच्या पहिल्या रात्री नाही.

थांबायचं कधी

सलग चौदा रात्री डायपर कोरडा निघाला की तो बंद करून बघा. गादीचं आवरण मात्र आणखी काही महिने राहू द्या. परीक्षा, आजारपण, घर बदलणं अशा दिवसांत एखादी रात्र ओली होऊ शकते. त्यासाठी दोन-चार नग कपाटात मुलाच्याच कप्प्यात ठेवलेले असावेत, म्हणजे कोणाकडे मागावे लागत नाहीत.